तीस मिनिटं

ताईंचा हात धरणारं कोणी नाही, हे वाक्य सर प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवायचे. पाहुणा मग ताईंच्या हातांकडे बघायचा, ताई ते हात एप्रनच्या खिशात घालायच्या, आणि पाहुण्याला वाटायचं, बाई फार विनयशील दिसतात. विनय कसला आणि काय. गेली दोन वर्षं तो खिसा ताईंच्या भलत्याच कामी येत होता.

काम होतं उंदरांच्या मेंदूत प्रोब बसवायचं. प्रोब म्हणजे चार-पाच केस एकत्र धरावेत एवढ्या जाडीची नळी, टोकाला झिरपणारा पडदा. नळीतून मिठाचं पाणी अगदी सावकाश सोडायचं. जाता जाता मेंदूतली रसायनं त्यात झिरपतात आणि दुसऱ्या बाजूला इवल्याशा बाटलीत थेंब थेंब जमा होतात. ते थेंब तपासले की मेंदूत त्या जागी काय चाललंय ते कळतं. निदान कळतं असं म्हणायची पद्धत आहे. खरी गोष्ट अशी की नळी आत शिरताना वाटेतलं सगळं चिरडत जाते. बारीक रक्तवाहिन्या तुटतात, पेशी मरतात, सूज येते, आणि मग नळी जी बातमी आणते ती मेंदूची नसतेच, नळीनेच केलेल्या जखमेची असते. चौकशीला गेलेल्या माणसाने आत जाऊन घरातली भांडी फोडावीत आणि बाहेर येऊन सांगावं की आत फार आदळआपट चालली आहे, तसला प्रकार.

ही जखम कमी कशी करायची, यात सरांची निम्मी हयात गेली होती. शेवटी त्यांना सुचलं ते असं की त्या मिठाच्या पाण्यातच सूज उतरवणारं औषध मिसळून बघावं. निम्म्या उंदरांना औषधाचं पाणी, निम्म्यांना साधं. पाच दिवसांनी मेंदूचे पातळ काप काढायचे, रंगवायचे आणि नळीच्या भोकाभोवती मेलेल्या पेशींचं कडं केवढं आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. कडं अरुंद निघालं की जिंकलो.

औषधाचं पाणी ताजं लागे. बनवल्यापासून दोन तासांत नळीत भरलं नाही तर फुकट जाई. तेव्हा ताईंनी सरळ वाटणी केली: औषधाचे उंदीर सकाळी, साध्या पाण्याचे दुपारी. जे लवकर नासतं ते आधी संपवायचं, ही स्वयंपाकघरातली अक्कल. सरांनी मान डोलावली. त्यात कुणालाच काही वावगं दिसलं नाही, आणि तेव्हा नव्हतंही.

उंदराला भूल द्यायची, डोकं चौकटीत घट्ट बसवायचं, कवटीला बारीक भोक पाडायचं, मेंदूवरचं पातळ आवरण सुईच्या टोकाने अलगद उघडायचं आणि मग वरचा स्क्रू फिरवत प्रोब खाली उतरवायचा. उतरवायला तीस मिनिटं, असा नियम सरांनीच कधीकाळी घालून दिलेला. स्क्रू जरासा फिरवायचा, थांबायचं, पुन्हा जरासा. आतल्या पेशींना बाजूला सरकायला उसंत मिळाली पाहिजे. अर्धा तास असं बसून राहणं हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हे. ताईंनी ते बावीस वर्षं केलं होतं.

आणि दोन वर्षांपूर्वी, दुपारी तीनच्या सुमाराला, त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा थरथरला.

आधी त्यांनी चहावर खापर फोडलं. चहा सोडला. मग झोपेवर, मग नव्या चष्म्यावर. सकाळी हात दगडासारखा स्थिर, दुपार कलली की अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट आपलं स्वतंत्र काहीतरी सुरू करत. आवरण उघडायचा क्षण ताई श्वास रोखून कसाबसा निभावून न्यायच्या. पण त्यानंतरची तीस मिनिटं? अर्धा तास थरथरता अंगठा स्क्रूवर ठेवून बसायचं, आणि मागून येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही तो दिसायचा. मग त्या घाई करू लागल्या. आठ मिनिटं, कधी सात. उतरवला प्रोब, लावली नळी, हात खिशात.

वहीत प्रत्येक उंदरापुढे एक रकाना होता, ‘उतरवण्यास लागलेला वेळ’. दुपारच्या नोंदीसुद्धा ताई दुसऱ्या दिवशी सकाळी करत, अक्षर चांगलं यावं म्हणून. पहिल्या खेपेला त्यांनी पेन टेकवून क्षणभर विचार केला आणि तीस लिहिलं. आज दुपारी नीट करू, असं मनाशी म्हटलं. दुपारी नीट झालं नाही. पुढे विचार करायचीही गरज उरली नाही, हात आपोआप तीस लिहायचा, सुबक, गोलसर अक्षरात.

निकाल असा आला की सर खुर्चीतून उठून उभे राहिले. औषधाच्या उंदरांमधलं कडं साध्या पाण्याच्या उंदरांपेक्षा निम्म्याने अरुंद. ताईंनीही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. दुपारचे काप ओळीने लावलेले होते, भोकांच्या कडा फाटलेल्या, आजूबाजूला रक्त साकळल्याचे डाग. आपण उकललेली शिवण आपल्याला ओळखू येते, तशा त्यांना त्या कडा ओळखू आल्या. तेव्हाच कळलं होतं का, असं ताईंनी पुढे स्वतःला पुष्कळदा विचारलं, आणि फिरवून फिरवून विचारलं तरी उत्तर एकच आलं. कळलं होतं. चांगलंच कळलं होतं. त्या म्हणाल्या, ‘छान आलंय, सर,’ आणि मूग गिळून बसल्या.

शोधनिबंध छापून आला. सरांना भाषणांची निमंत्रणं येऊ लागली. एका मोठ्या रुग्णालयाच्या मेंदूच्या शस्त्रक्रिया विभागाने विचारणा केली. डोक्याला जबर मार लागून बेशुद्ध आलेल्या रुग्णांच्या मेंदूत ते असाच प्रोब बसवत, आणि त्यात हे औषध वापरायचा त्यांचा विचार होता. फक्त एकदा हाच प्रयोग दुसऱ्या हाताने करून दाखवा, एवढंच त्यांचं म्हणणं. दुसरा हात म्हणजे टकळी.

हे नाव ताईंनीच ठेवलेलं. मुलगी तीन वर्षांपूर्वी आली ती बोलतच आली. उंदरांशी बोलायची, सुयांशी बोलायची, पंप अडकला तर त्याची समजूत काढायची. काम मात्र डोळ्यांत तेल घालून करायची. प्रोब उतरवायला ताईंनीच शिकवलं होतं तिला, सकाळच्या वेळी. तीस मिनिटं म्हणजे तीस, एक कमी नाही, असं दटावून शिकवलं होतं. तिची नेमणूक या महिनाअखेरपर्यंतच होती, आणि पुढे ठेवायचं की नाही ते या प्रयोगावर ठरणार होतं.

टकळीने ताईंची वाटणी ठेवली नाही. कुठला उंदीर कधी, हे ती चिठ्ठ्या टाकून ठरवायची आणि त्यासाठी औषध दिवसातून दोनदा ताजं बनवायची. प्रत्येक प्रोब तीस मिनिटं घेऊन उतरवायची, सकाळी आणि दुपारी. निकाल आला तेव्हा दोन्हीकडची कडी अरुंद. औषधाने थोडा फरक पडत होता, पण अगदीच नावापुरता. तिने पुन्हा केलं. तेच. तिसऱ्यांदा केलं. पुन्हा तेच. एकंदर बहात्तर उंदीर.

सर सहसा आवाज चढवत नसत. तेव्हाही चढवला नाही. सोमवारच्या बैठकीत ते एवढंच म्हणाले की साध्या पाण्याच्या उंदरांना इतकी कमी इजा होणं शक्य नाही, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांतही औषधच भरलं गेलेलं आहे, आणि तीन-तीनदा होत असेल तर त्याला निष्काळजीपणा म्हणतात. टकळी म्हणाली की बाटल्या ती स्वतः भरते. सर म्हणाले, तेच तर. मग सगळ्यांनी ताईंकडे पाहिलं, कारण या कामात शेवटचा शब्द त्यांचा.

‘बाटल्यांवर चिठ्ठ्या नीट लावत जा गं,’ ताई म्हणाल्या. ‘माझंही व्हायचं असं, सुरुवातीला.’

त्यांचं असं कधीच झालेलं नव्हतं. हे दुसरं वाक्य त्यांनी कशासाठी जोडलं देव जाणे, मायेनं बोलल्यासारखं वाटावं म्हणून असेल. त्या दिवसापासून टकळीचं बोलणं बंद झालं. ती उंदरांना उचलायची, ठेवायची, पिंजऱ्याची कडी लावायची, आणि खोलीत फक्त पंपाची घरघर ऐकू यायची. ताईंना ती घरघर सहन होईना. त्या काही ना काही निमित्त काढून जिन्यात जाऊन उभ्या राहायच्या. स्वतःची लाज वाटणं म्हणजे नेमकं काय, हे पन्नाशी उलटल्यावर त्यांना त्या जिन्यात कळलं.

तेवढ्याने भागलं नाही. शुक्रवारी सकाळी टकळी एक कागद घेऊन आली. पुढच्या सोमवारी रुग्णालयाचे डॉक्टर येणार होते आणि त्यांच्यापुढे सरांना हे प्रकरण मिटवायचं होतं. कागदावर टकळीने लिहिलं होतं की बाटल्या भरताना माझ्याकडून गफलत झाली असण्याची शक्यता मी नाकारू शकत नाही. ‘मजकूर बघून देता का, ताई? मला नीट लिहिता येत नाहीये,’ एवढंच ती म्हणाली. ताईंनी कागद वाचला. पेन घेतलं. एक वाक्य फार लांबलं होतं, ते तोडून दोन केली. एक शब्द बदलला. ‘आता बरं वाटतंय वाचायला,’ असं म्हणून कागद परत दिला.

संध्याकाळी त्या घरी आल्या तेव्हा बाबा खिडकीपाशी बसले होते. बाबा म्हणजे ताईंचे वडील, वय शहाऐंशी, आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. आता त्यांचे दोन्ही हात एवढे थरथरायचे की ताई त्यांचा कप अर्धाच भरायच्या. आपली थरथर कुठून आली, हे ताईंना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणून तर घरीसुद्धा त्या दुपारनंतर किटली दोन हातांनी उचलायच्या आणि बाबांकडे पाठ करून चहा ओतायच्या.

त्या दिवशी चहा बशीत सांडला. बाबा बशीकडे बघत राहिले.

‘कधीपासून?’ त्यांनी विचारलं.

‘काय कधीपासून?’

‘मला विचारतेस?’ बाबा म्हणाले. ‘दोन वर्षं पाठमोरी चहा ओततेयस. मला वाटलं, सांगशील तेव्हा सांगशील.’

ताई बसल्या. आणि मग अंगठा, आठ मिनिटं, तीसचा आकडा, टकळी, बाटल्या, शुक्रवारचा कागद, सगळं त्यांनी सांगून टाकलं. सांगताना त्यांना आशा होती, की बाबा म्हणतील, जाऊ दे गं, वयाचं आहे. वर्षानुवर्षं बाबांची गोष्ट त्या लोकांना अभिमानाने सांगत आल्या होत्या: हात थरथरायला लागला त्या दिवशी आमच्या बाबांनी दुकानाला कुलूप घातलं, लोकांची घड्याळं न उघडता परत केली.

‘त्या दिवशी नाही,’ बाबा म्हणाले. ‘हात गेल्यावर वर्षभर दुकान चालवलं मी. एका शाळामास्तराचं घड्याळ होतं, त्याच्या वडिलांचं. माझ्या हातून चिमटा निसटला आणि आतला काटा मोडला. मी त्याला म्हटलं, तुम्ही कुठेतरी पाडलं असणार, नीट आठवून बघा. त्याने खरंच आठवायचा प्रयत्न केला. आणि मग म्हणाला, असेल, पाडलं असेल. माझीच माफी मागून गेला.’ त्यांनी अर्धा कप दोन्ही हातांत धरला. ‘दुसऱ्या दिवशी कुलूप घातलं. मास्तरला मात्र सांगितलं नाही. तो गेला तेव्हाही नाही. तुझं बरं, ती पोर अजून तुझ्या समोर आहे.’

ताईंना रडू आलं, पण ते बाबांसाठी की स्वतःसाठी हे त्यांनाही सांगता आलं नसतं. एवढी वर्षं ज्या माणसाचं नाव घेऊन त्या ताठ मानेने वावरल्या, तोही आपल्यासारखाच निघाला. याने धीर यायला हवा होता. आली ती आणखी लाज. बाबांनी निदान एका घड्याळानंतर थांबवलं.

सोमवारी बैठकीच्या खोलीत सर, रुग्णालयाचे डॉक्टर, ताई आणि टकळी असे चौघे होते. टकळीने कागद समोर ठेवला होता, घडी मोडून, सपाट करून. सरांनी सुरुवात करायच्या आधी ताईंनी हात वर केला, शाळेत करतात तसा, कारण दुसरं काही सुचेना. त्या म्हणाल्या की बाटल्यांत गफलत झालेली नाही. हिचे आकडे बरोबर आहेत, माझे चूक आहेत. सकाळचे प्रोब मी अर्ध्या तासात उतरवले, दुपारचे आठ मिनिटांत, आणि वहीत सगळीकडे तीस लिहिलं. दुपारी माझा हात थरथरतो. औषधामुळे जेवढी जखम कमी झाली असं आपण छापलंय, त्यातली बरीचशी सावकाश उतरवल्यामुळे कमी झालेली आहे.

 सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पुन्हा लावायला विसरले.

‘किती दिवस?’ त्यांनी विचारलं.

‘सगळ्या दुपारी, सर.’

सर भिंतीकडे बघत राहिले. बावीस वर्षं त्यांनी ज्या हाताची जाहिरात केली, त्या हाताकडे बघायचं त्यांनी टाळलं, आणि रागावण्यापेक्षा ते ताईंना जास्त लागलं. बोलले ते डॉक्टर. म्हणजे नुसतं साधं पाणी असलं तरी अर्धा तास घेऊन उतरवलं तर इजा एवढी कमी होते, असं म्हणायचंय का, असं त्यांनी विचारलं. टकळीच्या बहात्तर उंदरांवरून तसंच दिसत होतं. डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, ‘आमच्याकडे तर दोन मिनिटांत बसवतात. घाईच असते सगळी.’ मग त्यांनी टकळीचे तक्ते मागून घेतले आणि पुढचा तासभर तिच्याशीच बोलत बसले. टकळी विचारलेल्याला उत्तर देत होती. तिने समोरचा कागद पुन्हा घडी करून खिशात ठेवला, फाडला नाही.

सरांनी शोधनिबंध मागे घ्यायचं पत्र त्याच दिवशी लिहायला घेतलं. प्रोब उतरवायचं काम टकळीकडे गेलं आणि तिची नेमणूक वाढली. ताईंना सरांनी काढलं नाही, पण पाहुणे आले की आता ते त्यांना घेऊन ताईंच्या टेबलावरून पुढे निघून जात. त्या सोमवारी ते ताईंना फक्त एवढंच म्हणाले होते की वही दुरुस्त करा, एकूण एक नोंद.

खरा वेळ सापडायला अवघड नव्हता. प्रोबच्या स्क्रूला जोडलेल्या मोजणी-यंत्रात प्रत्येक उंदराची मिनिटं आपोआप नोंदलेली होती. ती दोन वर्षं तिथेच होती, कुणी वहीशी ताडून बघितली नव्हती एवढंच. यंत्राची यादी टकळीने वाचायची, वहीतल्या तीसवर एक सरळ रेघ मारून ताईंनी शेजारी खरा आकडा लिहायचा आणि सही करायची, असं ठरलं. सकाळी टकळीला प्रोब उतरवायचे असत. तेव्हा हे काम दुपारी आलं.

दोघी समोरासमोर बसल्या. मध्ये वही. टकळीने वाचलं, ‘आठ.’ ताईंनी लिहिलं. आठचा आकडा वेडावाकडा आला, सही कागदावर भरकटत गेली. शेजारी तीस सुबक, गोलसर, रेघेखालीसुद्धा देखणं. ‘सात.’ तेही तसंच. ‘आठ.’ एकदा टकळी म्हणाली की हा आकडा वाचता येत नाही, पुन्हा लिहा. ताईंनी पुन्हा लिहिला. आधीची टकळी असती तर एव्हाना तिने उंदरांची नावं सांगितली असती, कुठला कसा चावला होता ते सांगितलं असतं. ही फक्त आकडे बोलत होती.

‘मला माफ कर गं,’ असं ताईंनी पाचव्या पानावर म्हटलं.

टकळीने यादीवरचं बोट हलवलं नाही, म्हणजे जागा चुकायला नको. ‘तिसऱ्या खेपेच्या आधी तरी सांगायचं होतंत,’ ती म्हणाली. ‘चोवीस उंदीर वाचले असते. मी त्यांच्याशी बोलायचे, ताई.’ आणखी दोन आकडे वाचून झाल्यावर तिने विचारलं, ‘माझा तो कागद तुम्ही सुधारून दिलात. तेव्हा थरथरला होता हात?’

ताईंना तो कागद स्पष्ट आठवला. तोडलेलं वाक्य, बदललेला शब्द, त्यावरचं स्वतःचं अक्षर.

‘नाही,’ त्या म्हणाल्या. ‘सकाळ होती.’

टकळीने मान हलवली आणि पुढचा आकडा वाचला.